काउंटी मेयो, आयर्लंड : हवा 'छान' आहे म्हणजे नक्की कशी आहे?

सायली_क (१२ ऑगस्ट)
नमस्कार मंडळी, चार दिवस विचार करून शेवटी धागा काढतेच आहे. नवऱ्याला आयर्लंडमध्ये काउंटी मेयोत, कॅसलबारला नोकरी लागली, तो एप्रिलपासून तिकडेच आहे. मी आणि लेक (वय ६) सप्टेंबरअखेर जाणार. इथले आयर्लंडचे जुने धागे वाचले पण ते सगळे डब्लिनचे आहेत, आणि मेयो म्हणजे पार पश्चिमेचं टोक, तिथे म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.

रोज फोनवर विचारते, हवा कशी आहे? उत्तर ठरलेलं, 'छान आहे'. हा माणूस चिपळूणच्या जुलैलाही छानच म्हणतो, त्यामुळे त्याच्या शब्दावर मी बॅगा भरणार नाहीये. पाऊस किती, थंडी किती, बर्फ पडतो का, लेकीला काय कपडे घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे घर. त्याला लुईसबर्गच्या पुढे समुद्रासमोर एक भाड्याचं घर भयंकर आवडलंय, पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची. फोटोत स्वर्ग दिसतोय. घ्यावं का? तिथे प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगा प्लीज.

शंकासुर
मेंढ्यांचं ऐका. त्या स्वेटर घालूनच जन्माला येतात, काहीतरी कारण असेलच ना.

(रुमाल टाकलाय, सावकाश वाचतो.)

डब्लिनकर_बंड्या
अकरा वर्षं डब्लिनात आहे, मेयोला पाचसहा वेळा गेलोय, एकदाही कोरडा परत आलो नाही. आमच्याकडे वर्षाला साधारण ७५० मिमी, तिकडे पश्चिमेला १००० ते १४००, आणि डोंगरात २००० च्या वर. सगळा पाऊस अटलांटिकवरून येतो, आधी त्यांच्या डोक्यावर रिकामा होतो, उरलासुरला आम्हाला. निसर्ग अप्रतिम आहे, वाद नाही, पण राहायला म्हणाल तर काळं पाणी. हलके घ्या.

कोकणी_बेडूक
१४०० मिमी?? बंड्याशेठ, एवढा तर आमच्याकडे एखाद्या जुलैत पडतो. मुंबईला चार महिन्यांत २२०० होतो आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. सायलीताई बिनधास्त जा, चिपळूण पाहिलेल्या माणसाला मेयो काय करणार!

मेघा_बॅलिना
बेडूकराव, इथेच सगळे फसतात. मीही फसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेयोतल्याच बॅलिना गावात चौदा वर्षं झाली.

आपला पाऊस *पडतो*. इथला पाऊस *असतो*. आकडा बघू नका, दिवस मोजा. पश्चिमेच्या काही भागात वर्षाचे २२५ दिवस तरी एक मिलीमीटरच्या वर पाऊस होतो, बारा महिने, सुट्टी नाही. आणि तासाला पडतो किती, तर एक-दोन मिलीमीटर. म्हणजे मुसळधार वगैरे प्रकार फार क्वचित. नुसती भुरभुर, मध्येच सर, मध्येच ऊन, दोन इंद्रधनुष्यं, परत भुरभुर. आपल्याकडे पाऊस आला की आपण आडोशाला थांबतो कारण तो थांबणार हे माहीत असतं. इथे थांबलात तर थांबूनच राहाल. पहिल्या वर्षी मी खिडकीशी उभी राहून 'जरा कमी झाला की निघते' म्हणायची, शेजारीण हसून हसून बेजार. तिच्या मते हा पाऊसच नव्हता, 'सॉफ्ट डे' होता!

छत्री आणू नका. खरंच आणू नका. पाऊस आडवा येतो, छत्री पहिल्याच आठवड्यात उलटी होऊन कचऱ्यात जाते. चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट टोपीसकट, लेकीला वॉटरप्रूफ पँट आणि गमबूट, आणि हे सगळं तिकडून नका आणू, इथे मिळतं ते इथल्या पावसासाठीच शिवलेलं असतं.

थंडी म्हणाल तर आकड्यात काहीच नाही. जानेवारीत दिवसा ८-९, रात्री ३-४. जुलैत दिवसा १७-१८. बस, संपलं वर्ष. पण ओल! हवेत ओल, भिंतीत ओल, गादीत ओल. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलंत तर मागे बुरशी धरते, चामड्याचे बूट दोन महिन्यांत हिरवे. पुण्याचे ८ अंश कोरडे असतात, इथले ८ अंश हाडात शिरतात. स्वेटरच्या आधी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्या असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. पहिल्या दिवशी त्यातून भांडंभर पाणी निघालं की विश्वास बसतो.

घराबद्दल नंतर लिहिते, शाळेतून पोरांना आणायची वेळ झाली.

शंकासुर
'आपला पाऊस पडतो, इथला पाऊस असतो' … ताई हे लिहून घेतलं. चहा पाठवून देतो.

पाटीलबुवा
मेघाताई, एक शंका. बारा महिने पाऊस आणि १८ च्या वर तापमान नाही तर शेतात लावतात काय? आमच्याकडे एवढं पाणी असतं तर तीन पिकं काढली असती.

मेघा_बॅलिना
पाटीलकाका, गवत. एकच पीक. :) आमच्या भागात बघाल तिकडे कुरणं, मेंढ्या नाहीतर गुरं. पाणी जास्त, ऊन कमी, आणि जमिनीत पाणी मुरतच नाही, बराच भाग दलदलीचा, ज्याला इथे बॉग म्हणतात. धान्य पिकतं ते पूर्वेकडच्या कोरड्या काउंट्यांत. शेतकऱ्याचं सगळं टेन्शन उन्हाळ्यात सलग चार कोरडे दिवस मिळतील का याचं. गवत वाळवून साठवायचं म्हटलं तर कोरडे दिवस जास्त लागतात, ते मिळत नाहीत, म्हणून बहुतेक जण ओलसरच कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंबवतात, त्याला सायलेज म्हणतात. जूनमध्ये हवा उघडली की रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टर चालू. आपल्याकडे पावसाची वाट बघतात, इथे उघाडीची.

बॉगमधून टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीतली माती, कापतात तेही तसंच. वसंतात कापायचं, विटांसारखे तुकडे उभे करून ठेवायचे आणि वाऱ्याने वाळायची वाट बघायची. पाऊस लागून राहिला तर मेहनत पाण्यात, अक्षरशः.

हवामान_वेडा
धागा आवडीचा निघाला, थोडी भर घालतो.

मेयो साधारण ५४ अंश उत्तरेला आहे. त्याच रेषेवर अटलांटिकच्या पलीकडे कॅनडाचं लॅब्रडॉर लागतं, जिथे हिवाळ्यात उणे वीसपंचवीस ही नेहमीची गोष्ट. मग मेयोत जानेवारीला ८ अंश कसे? तर वारा. इथे वर्षभर मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून वारे येतात आणि ते उत्तर अटलांटिक प्रवाहाच्या उबदार पाण्यावरून येतात. समुद्र हिवाळ्यातही साधारण १० च्या आसपास असतो, त्यामुळे किनारा गोठत नाही, आणि उन्हाळ्यात तोच समुद्र तापू देत नाही. तेच वारे ओल घेऊन येतात, क्रो पॅट्रिक (७६४ मी), नेफिन असे डोंगर आडवे आले की वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. सह्याद्रीचं जे गणित तेच, फक्त इथे चार महिन्यांचं नाही, बारा महिन्यांचं. त्यामुळे डोंगरापलीकडे मेयोच्या पूर्व भागात पाऊस कमी.

पण एक गंमत. हे वारे कधीकधी बंद पडतात आणि उत्तरेची किंवा पूर्वेची हवा आत शिरते, तेव्हा मेयोही गोठतं. २०१० च्या डिसेंबरात असंच झालं होतं, नाताळच्या दिवशी स्ट्रेड गावात उणे १७.५ नोंदलं गेलं. हे स्ट्रेड कॅसलबारपासून जवळच आहे. तेव्हा 'बर्फ पडत नाही' असं कोणी म्हटलं तर 'सहसा' हा शब्द आपला आपण घालून घ्या.

डब्लिनकर_बंड्या
उणे १७.५!! आणि आम्ही काळं पाणी म्हटलं तर राग येतो लोकांना.

मेघा_बॅलिना
पंधरा वर्षांत एकदा हो बंड्याभाऊ! तुमच्या डब्लिनमध्येही त्या वर्षी पाण्याचे पाइप गोठलेच होते. बर्फाचं काय नाही, इथे हिवाळ्यात जपायचं ते रस्त्यावरच्या पारदर्शक बर्फाला. रात्री भुरभुर, पहाटे शून्याखाली, सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं आणि गाडी घसरत जाते. सायली, नवऱ्याला सांग, गावाकडच्या रस्त्यांवर मीठ टाकतीलच असं नाही.

हवामान_वेडा
अवांतर आहे पण मेयोच्या हवेवर धागा आणि ब्लॅकसॉडची गोष्ट नाही असं चालायचं नाही.

मेयोच्या वायव्य टोकाला ब्लॅकसॉड म्हणून जागा आहे. १९४४ मध्ये तिथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅविन नावाची मुलगी कामाला होती. पोस्टातली नोकरी म्हणून आली, आल्यावर कळलं की ठरावीक वेळेला हवामानाच्या नोंदी घेऊन पाठवणं हाही कामाचा भाग आहे. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ, पण हवामानाच्या नोंदी इंग्लंडला जात होत्या. युरोपात वादळं येतात पश्चिमेकडून, म्हणजे ब्लॅकसॉडला जे आज दिसतं ते उद्या-परवा इंग्लिश खाडीत पोचणार. ३ जूनला, बरोबर तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिच्या लक्षात आलं की वायुभारमापकाचा काटा झपाट्याने खाली चाललाय. नोंद पाठवली. थोड्या वेळाने इंग्लंडहून फोन, परत तपासा, परत सांगा. हिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. चुकलं काही नव्हतं. दोस्त सैन्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर ५ जूनला उतरायचं ठरलं होतं, ते एक दिवस पुढे गेलं आणि ६ जूनला झालं, त्या निर्णयात तिच्या नोंदींचा वाटा होता. तिला स्वतःला हे कळायला १९५६ उजाडलं. २०२३ च्या डिसेंबरात वयाच्या शंभराव्या वर्षी त्या गेल्या.

पाटीलबुवा
अंगावर काटा आला राव. आणि आम्ही हवामान खात्याला नावं ठेवतो.

शंकासुर
वाढदिवसाच्या दिवशी ड्यूटी, वर साहेबाचा फोन 'परत करून पाठवा'. आयटीतल्या लोकांना ही गोष्ट जवळची वाटेल.

एकटा_टपरीवाला
मी मेयोतच वेस्टपोर्ट गावाच्या बाहेर राहतो, चार वर्षं झाली. मेघाताईंनी पावसाचं बरोबर लिहिलंय पण माझ्या मते इथे पाऊस हा विषयच नाही, वारा हा विषय आहे, आणि सायलीताई तुमच्या घराचा प्रश्न तिथेच सुटतो.

२४ जानेवारी २०२५, एओविन वादळ. आदल्या दिवशीच अख्ख्या देशाला रेड वॉर्निंग. इथे यलो, ऑरेंज, रेड असे इशारे असतात. यलोकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, ऑरेंजला अंगणातला ट्रॅम्पोलीन बांधून ठेवतात, रेड म्हणजे घराबाहेर पडायचंच नाही. पहाटे जाग आली ती आवाजाने. वाऱ्याचा 'सूं सूं' आवाज आपल्याला माहीत असतो, हा तसा नव्हता, घरावरून मालगाडी जातेय आणि संपतच नाहीये असं. खालच्या गॅलवे काउंटीत मेस हेड केंद्रावर ताशी १८३ किमीचा झोत नोंदला गेला, देशातला आजवरचा सर्वाधिक, आधीचा १८२ चा विक्रम १९४५ पासूनचा होता. देशभरात ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. माझी आठ दिवस नव्हती, काही जणांची दोन आठवड्यांच्या वर. आता गंमत अशी की आमच्याकडे पाणी विहिरीचं, पंपाने येतं. वीज नाही म्हणजे पाणी नाही. बाहेर धो धो पाऊस आणि मी बादली लावून पन्हाळीचं पाणी धरतोय, फ्लशला. लहानपणी गावाला टँकरची वाट बघायचो तेव्हा वाटलं नव्हतं की आयर्लंडमध्ये बादली उपयोगी पडेल.

एक शेजारी म्हातारेबुवा आहेत, त्यांनी त्या आठ दिवसांत मला जेवायला घातलं. त्यांच्याकडे टर्फची चूल, घर जुनं, बुटकं, भिंती दोन फूट जाड, मागे टेकडी, आणि पश्चिमेकडच्या भिंतीला एकही खिडकी नाही! मी विचारलं, समुद्र इतका सुंदर दिसतो तर खिडकी का नाही? म्हणाले, बघायचा असेल तर बाहेर जाऊन बघतो की.

मेघा_बॅलिना
अगदी अगदी! जुनी घरं बघा, समुद्राकडे पाठ करून बसलेली असतात. किनाऱ्यावर गवती छपरावर दोऱ्या टाकून त्या भिंतीतल्या खुंट्यांना बांधायचे, छप्पर उडू नये म्हणून. सगळ्या काचा समुद्राकडे ही अलीकडच्या बंगल्यांची हौस, आणि त्यातले बरेच उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्यांचे.

सायली, काचेला रोज मिठाचा थर बसेल, तो पुसणार कोण? ते घर गरम ठेवायला तेलाचा टँक किती वेळा भरावा लागतो ते मालकाला विचार. आणि लुईसबर्ग ते कॅसलबार चाळीसएक किलोमीटर आहे, हिवाळ्यात जाताना अंधार आणि येताना अंधार.

डब्लिनकर_बंड्या
घराच्या बाबतीत वरच्या दोघांशी सहमत. (लिहून ठेवा, मेयोवाल्यांशी सहमत झालो.)

पण अंधाराचा विषय निघाला म्हणून, तो डब्लिनलाही आहेच, पावसापेक्षा जास्त माणसं त्यानेच परत जातात असं माझं निरीक्षण. व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

सई_सांज
मी फक्त एक उन्हाळा राहिलेय, कॅसलबारला बहिणीकडे, जूनमध्ये. रात्री दहा दहाला सूर्यास्त, अकरालाही आकाश उजळ. भाचरं झोपतच नाहीत, 'अजून दिवस आहे' म्हणून वाद घालतात आणि मुद्दा बरोबर असतो त्यांचा. जाड काळे पडदे घ्या. बाकी तो महिना मी जन्मात विसरणार नाही, अचिल बेटावर कीमच्या किनाऱ्यावर गेलो होतो, पाणी असं निळं की खोटं वाटावं. पाय घातला आणि किंचाळले, बर्फच! शेजारी आजीबाई आरामात पोहत होत्या.

कोकणी_बेडूक
म्हणजे समुद्र आहे, मासे आहेत, पाऊस आहे, आणि घामाच्या धारा नाहीत. मला कोणी सांगेल का काळं पाणी कुठे आहे यात?

एकटा_टपरीवाला
बेडूकभाऊ, संध्याकाळी वारा पडला की बारीक मिजेस (चिलटांसारखे किडे) येतात, डोळ्याला दिसत नाहीत पण हातभर चावतात. तेवढं सोडलं तर या.

आणि क्रो पॅट्रिक चढायला जुलैत या, शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. आपल्या वारीची आठवण येते. पण २०१५ ला तोही दिवस खराब हवेमुळे रद्द करावा लागला होता, जुलैमध्ये! इथे म्हणतात, डोंगर दिसत असेल तर पाऊस येणार आहे, दिसत नसेल तर आलाय.

पाटीलबुवा
हे आमच्या गावच्या डोंगराबद्दलपण म्हणतात. :D

सायली_क
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचला धागा. नवऱ्याला लिंक पाठवली. तो म्हणे लोक उगाच घाबरवतायत. मग म्हटलं ठीक आहे, ऑरेंज नको, साध्या यलो वॉर्निंगच्या दिवशी संध्याकाळी त्या घरी जा आणि काचेसमोर एक तास बसून दाखव, मग मी सही करते.

शंकासुर
याला म्हणतात परीक्षा. निकाल कळवा.

सायली_क (१९ डिसेंबर)
धागा वर काढतेय, निकाल द्यायचा राहिला होता.

गेला होता. एक तास काही बसला नाही, वीस मिनिटांत फोन आला, 'कॅसलबारमध्येच बघूया'. काच आत-बाहेर हलताना दिसते म्हणाला. तर आता आम्ही गावात एका साध्या घरात आहोत, रांगेतलं मधलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे उबदार आहे. पश्चिमेला न्हाणीघराची एवढीशी खिडकी.

मेघाताई, डीह्युमिडिफायर पहिल्याच आठवड्यात घेतला. लेक रोज सकाळी त्यातलं पाणी मोजते आणि वहीत लिहिते, हवामान_वेडा यांना सांगायचं होतं की तुमची ब्लॅकसॉडची गोष्ट तिला सांगितली त्याचा हा परिणाम. आता तिला 'वायुभारमापक' पाहिजे नाताळला.

सकाळी नऊला शाळेत सोडते तेव्हा जेमतेम उजाडलेलं असतं आणि सव्वाचारला सूर्य गेलेला असतो. दुपारी बारालाही ऊन तिरपं, समोरच्या घरांच्या छपराला टेकलेलं. हे मला जड जातंय, खोटं कशाला बोलू. पावसाचं काही नाही वाटत. काल शेजारीण म्हणाली आज कपडे वाळायला मस्त हवा आहे, मी बाहेर बघितलं तर ढग आणि नऊ अंश, पण वारा होता. घातले बाहेर, आणि वाळले की!

हवामान_वेडा
२१ तारखेला तुमच्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असेल, त्यामुळे छपराला टेकणारच. मग चढायला लागतो. लेकीला सावलीची काठी रोवून द्या, दर रविवारी दुपारी सावली मोजायला सांगा, वही आहेच.

मेघा_बॅलिना
इथले लोक वसंत १ फेब्रुवारीला धरतात, सेंट ब्रिजिडच्या दिवशी, २०२३ पासून त्यासाठी सुट्टीही असते, सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. हवा बघितलीस तर म्हणशील कुठला वसंत, पण संध्याकाळ मोठी झालेली असते. त्या सुमारास दुकानात, बसस्टॉपवर प्रत्येक जण तुला एकच वाक्य म्हणेल, 'संध्याकाळी चांगलं लांबलंय हो आता'. तू पण म्हणायला लागलीस की समज रुळलीस. तोवर ये इकडे बॅलिनाला, चहा टाकते.

डब्लिनकर_बंड्या
कपडे बाहेर वाळले? डिसेंबरात? मेयोत? फोटो टाका, त्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

सायली_क
टाकला असता, पण फोटो काढायला बाहेर गेले तोवर परत भिजले.